नेझाचा बाप कोणी बदलला?

चिनी पुराणातल्या नेझा नावाच्या उपद्रवी पोरावरच्या 'नेझा २' या चिनी ॲनिमेशनपटाने २०२५ मध्ये कमाईचे सगळे विक्रम मोडले आणि आपल्याकडे त्यावर दोनच सुरांत चर्चा झाली. एक सूर हिणवण्याचा. चीनच तो, सरकारने लोकांना थिएटरात नेऊन बसवलं असणार, आकडे फुगवले असणार, आणि देशाबाहेर तर त्या चित्रपटाला कुत्रंही विचारत नाही. दुसरा सूर हळहळीचा. बघा, ते आपल्या पुराणांचा मान राखतात, त्यावर पैसा ओततात. आपल्याकडे रामायण-महाभारताएवढा खजिना पडून आहे आणि आपण काय करतो? हे दोन्ही सूर लावणाऱ्या बहुतेकांनी चित्रपट पाहिला नसावा अशी मला दाट शंका आहे. हळहळणाऱ्यांनी तर नक्कीच नाही. पाहिला असता तर ज्याला ते 'पुराणांचा मान राखणं' म्हणतात ते त्यात औषधालाही नाही, हे त्यांना पहिल्या वीस मिनिटांत कळलं असतं. त्यात देवांची यथेच्छ टिंगल आहे, मूळ कथेची उलथापालथ आहे, आणि खलनायक थेट स्वर्गात बसलेला आहे. माझं म्हणणं एवढंच की हे यश पुराण बिनधास्त बदलल्याचं आहे, आणि आपल्याकडे पुराणपटांसाठी सध्या जे मागितलं जातं ते याच्या बरोबर उलटं आहे.

आधी आकड्यांचं पाहू, कारण वादाची सुरुवात तिथूनच होते. २९ जानेवारी २०२५ला, चिनी नववर्षाच्या दिवशी हा चित्रपट लागला. चीनमध्ये त्याने सुमारे १,५४० कोटी युआन मिळवले, म्हणजे ढोबळमानाने १८ हजार कोटी रुपये. भारतातल्या सगळ्या भाषांतल्या सगळ्या चित्रपटांची २०२४ ची देशांतर्गत तिकीटविक्री १२ हजार कोटींच्या आसपास होती. एकाच देशात १०० कोटी डॉलर कमावणारा हा जगातला पहिला चित्रपट, आणि तीन आठवड्यांच्या आत तो 'इनसाइड आउट २'ला मागे टाकून सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. दिग्दर्शक यांग यू, टोपणनाव जियाओझी, हे सिचुआन प्रांतातल्या छंगडू शहरात औषधनिर्माणशास्त्र शिकणारे विद्यार्थी. तो नाद सोडून ते घरी बसले, आईच्या पेन्शनवर जगले आणि तीन वर्षांहून जास्त काळ घालवून त्यांनी जवळजवळ एकहाती सोळा मिनिटांचा लघुपट केला. त्यांच्या चित्रपटांत आई-बाप एवढे मध्यभागी का असतात, याचं अर्धं उत्तर या पेन्शनमध्ये असावं.

आता हिणवणाऱ्यांचा मुद्दा. तो पोकळ नाही. चीनमध्ये आकडे फुगवण्याचा इतिहास आहे. २०१५ मध्ये 'मॉन्स्टर हंट'च्या वितरकांनी 'लोककल्याणा'च्या नावाखाली बरीचशी तिकिटं स्वतःच भरल्याचं कबूल केलं होतं. २०१६ मध्ये 'इप मॅन ३'चे हजारो खेळ निव्वळ कागदावर झाल्याचं तिथल्या नियंत्रकांनीच उघड केलं. बाजार मोकळा आहे असंही नाही. महसुलात वाटा घेणाऱ्या परदेशी चित्रपटांची संख्या वर्षाला ३४ वर बांधलेली आहे आणि नववर्षाच्या हंगामात हॉलिवूडला दाराबाहेर ठेवलं जातं. 'नेझा २'चा प्रदर्शनकाळ पुन्हा पुन्हा वाढवून ३० जूनपर्यंत नेण्यात आला, सरकारी माध्यमांनी ढोल बडवले, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना तिकिटं वाटली. हे सगळं मान्य. पण ही सगळी मदत एकट्या नेझालाच मिळत होती का?

त्याच दिवशी, २९ जानेवारीलाच, चिनी नौदलाच्या आण्विक पाणबुडीवरचा एक भव्य चित्रपट लागला. दांते लाम यांचा, 'ऑपरेशन रेड सी'चा उत्तरभाग. त्याच्या पहिल्या भागाने २०१८ मध्ये ३६० कोटी युआनहून अधिक कमावले होते. देशभक्तीच्या नावावर तिकीट खपवायचं असेल तर याच्याहून चांगला माल कुठला? तो ४० कोटी युआनच्या आत आटोपला. त्याच दिवशी 'क्रिएशन ऑफ द गॉड्स'चा दुसरा भागही आला. तोही पुराणपटच, तोही नेझा ज्यातून येतो त्याच मिंगकालीन कादंबरीवर बेतलेला, तोही अफाट खर्चाचा. २०२३ च्या पहिल्या भागाच्या निम्म्यावरच त्याची गाडी अडली. म्हणजे तोच दिवस, तेच सरकार, तीच सुट्टी, एवढंच काय, तीच पोथी. आगाऊ तिकीटविक्रीत नेझा पहिला नव्हता. त्याची रोजची कमाई पहिल्या दिवशीपेक्षा आठवड्याभराने बरीच जास्त झाली. हुकमावर भरलेलं थिएटर पहिल्या दिवशी भरतं आणि मग ओसरतं. इथे उलट झालं. लोक घरी गेले, त्यांनी आजीला सांगितलं, आणि आजीला घेऊन परत आले.

'बाहेर कोणी पाहिला नाही' हेही खरंच आहे. एकूण कमाईत परदेशाचा वाटा नगण्य. अमेरिकेत इंग्रजी डबिंग करून, मिशेल योसारख्या अभिनेत्रीचा आवाज घेऊन तो पुन्हा लावला तरी फार काही हाती लागलं नाही. पण यात कमीपणा कसला? 'सैराट' मुख्यतः महाराष्ट्रातच चालला म्हणून आपण त्याला लहान म्हणतो का? उलट, बाहेरच्याला समजावण्याचं ओझं नसल्यामुळेच या चित्रपटाला काही गोष्टी करता आल्या. नेझाचा गुरू थाईयी मूळ कथेत मोठा सिद्धपुरुष आहे. इथे तो ढेरपोट्या, दारूडा, उडत्या डुकरावर बसणारा आणि सिचुआनी हेल काढून बोलणारा आहे. सीमेची राखण करणारे दोन प्राणी सिचुआनमधल्या सानशिंगदुईच्या उत्खननात मिळालेल्या काशाच्या मुखवट्यांवरून घेतलेत आणि तेही सिचुआनीतच भांडतात. ही गंमत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकासाठी नाहीच. डिस्नेने २०२० मध्ये 'मुलान' दोन्हीकडच्यांना आवडावा म्हणून बेतून-बेतून काढला, आणि चीनमध्येच त्याला लोकांनी नाकं मुरडली.

आता खरा मुद्दा, म्हणजे बापाचा. सोळाव्या शतकातल्या 'फंगशन यानयी' या कादंबरीत नेझा हा सेनापती ली जिंग याचा मुलगा. आईच्या पोटात साडेतीन वर्षं राहून जन्मलेला, जन्मतःच अचाट ताकदीचा आणि तितकाच उपद्रवी. तो समुद्रात खेळता खेळता नागराजाच्या तिसऱ्या मुलाला मारतो, त्याची शीर उपटून बापासाठी तिचा पट्टा करायला निघतो. नागराज सूड घ्यायला येतो आणि आई-बापांचा जीव धोक्यात येतो. तेव्हा नेझा स्वतःचं मांस कापून आईला आणि हाडं काढून बापाला परत करतो. तुमचं देणं फिटलं, आता मी तुमचा नाही. गुरू त्याला कमळापासून नवं शरीर देतो, आणि हा मुलगा त्यानंतर काय करतो? बापाला ठार मारायला त्याच्या मागे धावतो. ली जिंग मेलेल्या पोराचं देऊळही पाडतो. शेवटी वरच्या सिद्धांना मध्ये पडून बापाच्या हातात एक जादूचा मनोरा द्यावा लागतो. पोरगा अंगावर आला की त्यात कोंडायचा. आई-बापांच्या सेवेला सर्वोच्च धर्म मानणाऱ्या समाजाने ही कथा शेकडो वर्षं जपली, कारण तिच्यात त्या समाजाला तोंडावर न बोलता येणारं काहीतरी होतं.

१९७९ मध्ये शांघायच्या स्टुडिओने या कथेवर जो ॲनिमेशनपट केला तो चीनमधल्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आजही आहे. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. त्यात बाप भेदरट आहे, सत्तेपुढे मान तुकवणारा, पोराला शत्रूच्या हवाली करायला तयार झालेला. आणि पाऊसवाऱ्यात गावासाठी स्वतःच्या मानेवर तलवार चालवणारा नेझा निष्पाप हुतात्मा आहे. त्या दशकात घराघरात मोठ्यांनी लहानांचा आणि लहानांनी मोठ्यांचा विश्वासघात केलेला होता. तिथल्या प्रेक्षकाला या बापाची ओळख करून द्यावी लागली नसेल. मग येतो २०१९ चा 'नेझा'. त्यात कथेचा कणाच फिरवला. नेझा निष्पाप नाही, तो राक्षसी मण्यापासून जन्मलेला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, फटीचे दात, खिशात हात घालून गावभर उच्छाद मांडणारा, आणि आतून एकटा. तीन वर्षांनी वीज कोसळून तो मरणार असं स्वर्गानेच ठरवून ठेवलंय. आणि बाप? बाप गुपचूप एक तावीज मिळवतो, म्हणजे वीज पोराऐवजी आपल्यावर पडेल. शतकानुशतकं ज्या बापाला पोरगा मारायला धावत होता, तो आता पोरासाठी मरायला निघाला. ज्या नागपुत्राची शीर उपटायची तो आओ बिंग तर त्याचा एकुलता एक मित्र झाला. पोथीच्या हिशोबाने पाहिलं तर हा भ्रष्टाचार आहे. त्या चित्रपटाने ५०० कोटी युआन मिळवले.

या फिरवण्यामागे कारण आहे. एक मूल धोरणातून आलेली, परीक्षांच्या चरकात पिळलेली, आई-बाप शहरात आणि आपण आजीकडे अशी वाढलेली पिढी आता स्वतः आई-बाप झाली आहे. तिला बापाचा सूड नकोय. आपला बाप बोलला नाही, पण त्याने आपल्यासाठी काहीतरी केलं होतं, हे तिला कोणीतरी सांगायला हवं आहे. दुसऱ्या भागात हेच आईच्या वाट्याला येतं. नेझाच्या अंगात शापाचे काटे रुजलेत, तो सुटायला धडपडला की ते कातडी फोडून बाहेर येतात. त्याला आणि त्याच्या आईला एका प्रचंड भट्टीत टाकलंय. आई त्याला मिठी मारते. काटे तिच्या चिलखतातून आरपार जातात. ती मिठी सोडत नाही. कादंबरीत या बाईला जेमतेम काम आहे. इथे तिच्या मरणावर सगळा चित्रपट उभा आहे.

आणि तिला भट्टीत टाकलंय कोणी? दुसऱ्या भागाचं सगळं धाडस या प्रश्नात आहे. खलनायक आहे वूलियांग सिद्ध, मोठ्या कपाळाचा, पांढऱ्या दाढीचा, हसतमुख म्हातारा. दीर्घायुष्याची देवता म्हणून ज्याची चित्रं चिनी घरांत शुभ मानून लावतात, हुबेहूब त्याच रूपाचा. त्याच्या पवित्र महालातून 'राक्षस पकडा' असे हुकूम सुटतात, आणि पकडलेल्या राक्षसांना आटवून त्यांच्या गोळ्या केल्या जातात. त्या गोळ्या खाऊन देवांचे चेले बलवान होतात. नेझा स्वतः सिद्धपद मिळवण्यासाठी परीक्षा देताना काही राक्षसांना पकडून देतो, त्यातले बरेचसे आपापल्या बिळात सुखाने राहणारे असतात. आपण काय करून बसलो हे त्याला फार उशिरा कळतं. याच ओघात शन गोंगबाओ नावाचं एक पात्र आहे. कादंबरीत तो कपटी, फितूर. इथे तो बिबट्याच्या जातीत जन्मलेला, म्हणून स्वर्गाच्या दरबारात कितीही राबला तरी वर न सरकणारा, बोलताना अडखळणारा माणूस. गावाकडे बाप आणि धाकटा भाऊ समजतात की आपला पोरगा वर मोठ्या हुद्द्यावर आहे. भाऊ तर त्याच्यासारखं व्हायचं म्हणून त्याला शोधत येतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाचव्यांदा आयोगाची परीक्षा देणाऱ्या पोराला हे पात्र समजावून सांगायची गरज पडणार नाही.

चिनी प्रेक्षकांनी या महालाचे दोन अर्थ लावले. समाजमाध्यमांवर गाजलेला अर्थ असा की तो महाल म्हणजे अमेरिका: त्याचा आकार पेंटॅगॉनसारखा, भट्टीवर डॉलरचं चिन्ह, आत शिरण्याचा जेडचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड. हा अर्थ सरकारच्याही सोयीचा. पण पवित्र भाषा बोलणारी, आपल्याच लोकांना आटवून गोळ्या करणारी, निष्ठेच्या बदल्यात हुद्दे वाटणारी सत्ता पाहून बीजिंगच्या प्रेक्षकाला फक्त वॉशिंग्टनच आठवलं असेल, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? पुराणाचा हाच तर उपयोग आहे. त्यात जे सांगायचं ते सांगता येतं आणि विचारलं तर 'देवाची गोष्ट आहे साहेब' म्हणता येतं.

आपल्याकडच्या एका गटाला या सगळ्यात अभिमानाची जागा सापडली: नेझा मूळचा आपलाच! माहिती खरी आहे. बौद्ध तंत्रग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलेला वैश्रवणाचा, म्हणजे कुबेराचा मुलगा नलकूबर हाच पुढे नेझा झाला; आणि मनोरा हातात धरणारा ली जिंग हा मुळात तो कुबेर, त्यात थांग काळातला एक सेनापती मिसळलेला. मेईर शहार या इस्राएली अभ्यासकाने २०१५ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. नेझाने नागाला लोळवण्यात बाळकृष्णाच्या कालियामर्दनाचा अंश असावा असंही त्यांना वाटतं. पण हा पुरावा नेमका कोणाच्या बाजूने जातो? कुबेराचा मुलगा तिथे जाऊन सेनापतीचा मुलगा झाला, यक्ष होता तो पोर झाला, आज्ञाधारक होता तो बापावर उलटला, आणि म्हणून दीड हजार वर्षांनी १८ हजार कोटी रुपयांचा धनी झाला. आपल्याकडे भागवतात तो नारदाच्या शापाने अर्जुनाचं झाड होऊन गोकुळात उभा राहतो. उखळाला बांधलेल्या कृष्णाने झाडं पाडली, नलकूबर-मणिग्रीव सुटले, हात जोडून निघून गेले. त्यानंतर त्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

आपल्याला न विचारण्याचीच सवय आहे असं मात्र मी म्हणणार नाही; ते मराठीवर अन्याय करणारं होईल. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, दाण मागतो, आणि लुगडं नेसलेला पुरुष 'मावशी' होऊन त्या परब्रह्माची भर चौकात अशी काही उलटतपासणी घेते की पाटील-कुलकर्ण्यांपासून सगळं गाव पोट धरून हसतं. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर काळा झगा घालून, तांबडी जीभ लोंबवत येतो आणि मालवणीत सरपंचापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो. ही नाटकं देवळाच्या आवारात होतात, जत्रेला, देवाच्या साक्षीने. जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून शिव्या घालते आणि आपण ते अभंग म्हणतो. बलिप्रतिपदेला 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारा शेतकरी वामनाच्या बाजूने नसतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त मत्स्य, वराह, नरसिंह, वामन हे अवतार एकामागून एक उलटे वाचून दाखवले: आक्रमक कोण, राज्य कोणाचं होतं, 'राक्षस' कोणाला म्हटलं गेलं. 'नेझा २'मधला स्वर्ग आणि भट्टीतले राक्षस पाहताना मला सगळ्यात आधी फुलेच आठवले. १९१९ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन' केला तेव्हा कृष्ण म्हणून स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी उभी केली. चित्रपटाच्या सुरुवातीला ती कृष्ण नसतेच. कॅमेऱ्यासमोर एक मुलगी वेगवेगळे हावभाव करून दाखवते, मग तिचा कृष्ण होतो. देव हे सोंग आहे, हे आधी दाखवून मग फाळके भक्तीकडे वळले, आणि लोकांच्या भक्तीला त्याने काही धक्का लागला नाही.

इथे माझ्याविरुद्धचे दोन जड पुरावे घ्यायला हवेत. पहिला, 'महावतार नरसिंह'. जुलै २०२५ मध्ये आलेल्या या ॲनिमेशनपटाने कथेत काही न बदलता, पूर्ण भक्तिभावाने ३०० कोटींहून जास्त मिळवले. थिएटरात लोकांनी चपला काढल्या, हात जोडले. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'ला झालं होतं तसंच. दुसरा, 'आदिपुरुष'. त्याने २०२३ मध्ये रामायणात 'बदल' केले आणि त्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. मग बदलणारा मरतो आणि जपणारा तरतो, हाच धडा नाही का?

'नरसिंह'चं यश मी खरं मानतो, आणि त्यामागच्या मेहनतीलाही दाद देतो. श्रद्धेवर चित्रपट चालतो, यात वादच नाही. पण तो कोणाला बोलावतो? ज्याचा आधीच विश्वास आहे त्याला. नेझाने ज्याला देवाचं सोयरसुतक नाही त्यालाही रडवलं. ३० कोटींहून जास्त तिकिटं त्याशिवाय खपत नाहीत. गंमत म्हणजे प्रल्हादाची गोष्ट आणि नेझाची गोष्ट एकाच जागी उभ्या आहेत: बापाविरुद्ध पोरगा. पण आपल्या गोष्टीत कयाधू कुठे आहे? नवरा पोराला कड्यावरून ढकलतोय, हत्तीच्या पायी देतोय, विस्तवात बसवतोय. त्याच घरात या पोराची आई आहे. त्या रात्री तिने काय केलं? शेवटी नवऱ्याचं पोट फाडलं गेलं आणि पोराला देवाने मांडीवर घेतलं, तेव्हा ती कुठे उभी होती? पोथी गप्प आहे. चिनी दिग्दर्शकाने अशाच गप्प राहिलेल्या बाईला बोलतं केलं आणि अख्खा देश रडवला. आपल्याकडे हे करायला कोणी मनाई केलेली नाही, आणि तरी कोणी करत नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

'आदिपुरुष'बद्दल म्हणाल तर त्यात बदललं काय? कपडे, लंकेचा रंग, आणि हनुमानाच्या तोंडची भाषा, तीही टपोरी. राम जसा होता तसाच, रावण जसा होता तसाच, प्रश्न एकही नवा नाही. उघड्यावर पडलेल्या त्या संवादांवर ओरड झाली आणि निर्मात्यांनी काही दिवसांत ते बदलूनही टाकले, कारण त्यांच्यासाठी लढण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बदल केला की यश मिळतं, असंही मी म्हणत नाही. नेझाच्याच कंपनीने २०२० मध्ये 'जियांग झिया' आणला, त्याच पुराणातला, तोही स्वर्गाला प्रश्न विचारणारा. पहिल्या दिवशी विक्रम झाला आणि मग प्रेक्षकांनी पाठ फिरवली, कारण प्रश्न मोठा होता पण त्याला वाहून नेणारी माणसं पडद्यावर नव्हती. फरक हा की त्या अपयशाची शिक्षा प्रेक्षकांनी दिली. कोणी सेट जाळला नाही.

यावर एक उत्तर तयार असतं: चीनमध्ये देव मेलेले आहेत, म्हणून त्यांच्याशी खेळता येतं, आमचे जिवंत आहेत. हे अर्धसत्य आहे. फुजियान आणि तैवानमध्ये 'तिसरा राजपुत्र' म्हणून नेझाची देवळं आहेत, त्याच्या पालख्या निघतात, लोक नवस बोलतात. तरी नास्तिक राज्यसत्तेला देवाच्या अपमानाचं काही वाटत नाही हे खरंच. तिला इतर गोष्टींचं वाटतं. पक्षाचा इतिहास, हुतात्मे, नेते यांच्या बाबतीत एक शब्द इकडचा तिकडे करून पाहावा. ते स्वातंत्र्य लुळं आहे, आणि मी त्याची आरती ओवाळत नाही. मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. जिथे सरकारला प्रश्न विचारता येत नाही तिथला कलावंत निदान स्वर्गाला विचारू शकतो. आपल्याकडे संविधानाने बोलायची मुभा दिलेली, देवळाच्या आवारात देवाची थट्टा करण्याची परंपरा घरचीच, आणि तरी पटकथा लिहिताना निर्माता पहिल्यांदा वकील गाठतो. तो भेकड आहे म्हणून नव्हे. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर 'पद्मावती'चा सेट जाळण्यात आला, तोही चित्रपटात काय आहे हे कोणाला माहीत नसताना. जे जळलं ते कोल्हापुरात जळलं, बीजिंगमध्ये नाही.

म्हणून 'आपल्याकडे पैसा नाही, तंत्र नाही' ही सबब मला पटत नाही. २ मार्च २०२५ला, नेझा चीनच्या थिएटरांत धो धो चालत असताना, 'ड्यून: पार्ट टू'च्या दृश्य परिणामांना ऑस्कर मिळालं. ते काम करणाऱ्या डीएनईजी या कंपनीची मालकी भारतीय आहे आणि तिचे शेकडो कारागीर मुंबईत बसतात. १९५० च्या दशकात फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात राम मोहन यांच्यासारखी माणसं घडली तेव्हापासून हात इथे आहेतच. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, त्याआधी मुंबईत मोठी परिषद भरली. जागा मिळतील, सवलती मिळतील, यंत्रं येतील. चांगलंच आहे. पण कयाधूची गोष्ट लिहू पाहणाऱ्या मुलीला यंत्राची अडचण नाही.

तिची अडचण सोडवणारी गोष्ट १९८९ पासून कागदावर आहे. एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की सेन्सॉरने संमत केलेला चित्रपट निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे थांबवणं म्हणजे कायद्याच्या राज्याने गुडघे टेकणं. 'जमाव आवरत नाही' ही सरकारची सबब चालणार नाही. ॲनिमेशनच्या धोरणासाठी कोट्यवधींची तरतूद करणाऱ्या सरकारने या निकालाचा एक परिच्छेद छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात लावला आणि एकदा, फक्त एकदा, थिएटर फोडायला आलेल्यांना गाडीत घालून नेलं, तर त्याला धोरणातल्या एका वातानुकूलित खोलीएवढाही खर्च येणार नाही. आणि चीनसारखे पुराणपट आपल्याकडे का होत नाहीत म्हणून जे हळहळतात, त्यांनी त्या दिवशी त्या थिएटरसमोर कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे आत्ताच ठरवून ठेवावं.